हातोहात फिरलेली काठी

१

नाना तळ्याच्या पायऱ्यांखाली सापडले, तेव्हा वर सभागृहात त्यांचीच काठी हातात धरून कुणीतरी सांगत होतं की आज मन अगदी प्रसन्न आहे.

सांगणारे होते गिरणीवाले, म्हणजे मेळाव्याला पाहुणे म्हणून आलेले एका कापडगिरणीचे कामगार अधिकारी. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण सकाळच्या फेरीत काहीतरी बरं बोलायचं असतं म्हणून ते बोलत होते. या मंडळींचा हा रिवाजच. गोल बसायचं, काठी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायची. ज्याच्या हातात काठी त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी कान द्यायचे. काठी नानांची; मेळावा तेच चालवत. गुडघा निकामी झाल्यापासून ती त्यांना चालायला लागे आणि मेळाव्यात बोलायची काठी म्हणूनही तीच फिरे. दिवस संपला की नाना ती घेऊन झोपायला जात आणि सकाळी वर्तुळाच्या मधोमध आणून ठेवत.

मंडळी कोण, तर संस्थाविकासाचं काम करणारी. आता हे काय काम, असं विचाराल तर त्यांच्या घरच्यांनाही धड सांगता येत नाही. कारखाना असो, इस्पितळ असो, शाळा असो, तिथली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली की यांना बोलावतात. मौनीबाईंच्या सासूबाई शेवटपर्यंत शेजारणींना सांगत, आमची सून लोकांना गोल बसवते. तेवढं पुरेसं आहे.

या मौनीबाई वर्तुळात काठी घेत, पण बोलत नसत. मेळाव्यात एकानं साक्षीदार व्हायचं, कोण काय बोलतं यापेक्षा कसं बोलतं, कुठे बसतं, कुणाकडे बघायचं टाळतं हे बघायचं आणि शेवटच्या दिवशी सांगायचं, हा नानांनी घालून दिलेला नियम. वही-पेन घ्यायचं नाही; लिहायला लागलं की बघणं थांबतं, असं नाना म्हणत. ते काम वर्षानुवर्षं या बाईंकडे, म्हणून हे नाव. घरी मात्र त्यांच्या जिभेला विसावा नसे. नवरा म्हणे, मेळाव्याहून आलीस की साठलेलं सगळं माझ्या डोक्यावर ओततेस.

त्या सकाळी धुकं खिडक्यांना चिकटून बसलं होतं. तळ्याकाठचं ते जुनं विश्रामगृह, भिंतींना ओल, दिवे लावूनही अंधारलेलं. वर्तुळ मात्र नीट भरलेलं होतं, कुठे फट नाही. आदल्या दिवशी एका सभासदाला आई आजारी असल्याचा निरोप आला आणि तो दुपारीच निघून गेला, तेव्हा नानांनी लगेच त्याची खुर्ची उचलायला लावली होती. "रिकामी खुर्ची वर्तुळात ठेवू नका रे," ते म्हणाले होते, "माणसं तिच्याशीच बोलत बसतात."

वर्तुळ मांडणं हे फेरी चालवणाऱ्याचं काम. त्याला सगळे सूत्रधार म्हणत. मऊ आवाजाचा, चाळिशी ओलांडलेला, नानांच्या हाताखाली वाढलेला. नानांनंतर मेळावा तोच चालवणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. संध्याकाळी खुर्च्या शेजारच्या खोलीत रचायच्या आणि सकाळी सूत्रधारानं त्या स्वतःच्या हातांनी पुन्हा मांडायच्या. एकेक खुर्ची टेकवताना तिच्यावर बसणाऱ्याचं नाव मनात घ्यायचं. हीसुद्धा नानांचीच शिकवण.

"नाना फिरायला गेलेत वाटतं," सूत्रधार म्हणाला होता. "येतीलच. आपण सुरू करू."

काठी फिरत फिरत मौनीबाईंकडे आली. टोकाचं रबर ओलं होतं. त्यांच्या शालीला हिरवट डाग लागला, तो त्यांनी बोटानं पुसला आणि काठी पुढे दिली. धुक्याचे दिवस, सगळंच ओलं, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात माळी दारात आला. त्यानं तळ्याकडे नुसता हात केला.

सगळे धावले. शेवाळलेल्या दगडी पायऱ्या, आणि अगदी खाली, पाण्याला पाय लागलेले नाना. अंग गार पडलं होतं. त्यांची लेक मागून आली, तिनं वरूनच पाहिलं.

"पडले नाहीत ते," ती म्हणाली. "मी मारलं त्यांना."

२

पोलीस साहेब आले, पायऱ्या पाहिल्या, म्हातारा माणूस, शेवाळ, धुकं, असं म्हणून मान हलवली आणि दुपारी सगळ्यांचे जबाब घ्यायला येतो म्हणून गेले. नानांना गाडीतून नेलं. मागे राहिलं ते फक्त धुकं आणि कुजबुज.

लेक नानांच्या खोलीत पलंगावर बसली होती. ती या धंद्यातली नव्हती. एका बालवाडीत शिकवायची. वडिलांना एकट्यानं प्रवास झेपत नाही म्हणून त्यांना घेऊन आली होती. मौनीबाई तिच्याजवळ बसल्या आणि तिचा हात हातात घेतला.

"मावशी, मी त्या साहेबांना खरं ते सांगणार आहे," ती म्हणाली. "त्यांनी उडी घेतली. माझ्यामुळे."

"असं वेड्यासारखं बोलू नकोस गं."

"काल रात्री मी त्यांना नको नको ते बोलले. सगळ्या जगाचं ऐकून घेता, म्हटलं, माझं एकदा तरी ऐकलंत का? आई महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळली होती आणि तुम्ही परक्या माणसांना गोल बसवून त्यांची दुःखं ऐकत होतात. ती तुमची वाट बघत गेली. आणि म्हटलं, तुम्ही गेलात तरी माझं काही अडणार नाही. असं म्हटलं मी. बापाला."

"ते काय म्हणाले?"

"काही नाही. मग काठी जमिनीवर आपटली आणि म्हणाले, झालं तुझं? झोप आता. मी दार आपटून माझ्या खोलीत गेले. सकाळी येऊन बघते तर पलंग आवरलेला, आणि ते नाहीत." तिनं डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहत होते. "आता जन्मभर हे घेऊन जगायचं. माझी मुलं विचारतील आजोबा कसे गेले, तेव्हा काय सांगू?"

पायरीवरून घसरून पडणं वेगळं आणि लेकीच्या शब्दापायी जीव देणं वेगळं. ही पोर दुपारी जबाब देईल, सही करेल, आणि मग कुणी कितीही समजावलं तरी ती त्यातून बाहेर यायची नाही.

"दुपारपर्यंत कुणाशी काही बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी एवढं कर."

त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. पलंगाच्या उशाशी भिंतीला एक खिळा होता, काठी अडकवायचा. तो रिकामा होता. काल निजायच्या वेळी काठी इथे होती. लेकीनं ती आपटलेली पाहिली होती. काठीशिवाय नाना पलंगापासून या दारापर्यंतही येऊ शकत नव्हते.

मग तळ्यापर्यंत ते कसे गेले? आणि ते तिथे पडलेले असताना त्यांची काठी वर वर्तुळात कुणी आणली?

३

मौनीबाईंनी शाल उलगडली. हिरवट डाग अजून होता. विश्रामगृहाच्या पुढे खडी, आत फरशी. शेवाळ काय ते फक्त तळ्याच्या पायऱ्यांवर. म्हणजे काठी आज सकाळी पायऱ्यांवर गेली होती. नानांना घेऊन गेली आणि नानांवाचून परत आली. काठीला काही पाय फुटत नाहीत. कुणीतरी तिथे होतं आणि ते कुणीतरी गप्प बसलं होतं.

त्यांना सगळ्यात जास्त राग आला तो स्वतःचा. एवढी सगळी शहाणी माणसं, दुसऱ्यांच्या मनातलं ओळखण्यावर पोट भरणारी, प्रत्येकानं ती काठी हातात धरली आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की हिच्यावाचून म्हातारा फिरायला गेला कसा. वर्तुळात काठी असायचीच. असायची ती होती, एवढंच सगळ्यांनी पाहिलं. साक्षीदार म्हणून मिरवणाऱ्या मौनीबाईंनी तर डागसुद्धा पुसला होता.

गिरणीवाले पडवीत बॅग भरून बसले होते.

"निघालात?" मौनीबाई समोर उभ्या राहिल्या.

"साहेब आले की जबाब देतो आणि निघतो. मला इथे थांबवत नाही."

"सकाळी मन प्रसन्न होतं की तुमचं."

गिरणीवाल्यांनी मान खाली घातली. ते बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. गप्प बसून समोरच्याला बोलतं करणं मौनीबाईंना चांगलं जमे.

"काल चहानंतर मी नानांना एक गोष्ट सांगितली," गिरणीवाले शेवटी म्हणाले. "सांगायला नको होती की आधीच सांगायला हवी होती, मला कळत नाही. मागच्या वर्षी तुमच्या माणसांनी आमच्याकडे कामगारांचं वर्तुळ घेतलं. दार बंद करून. इथलं इथेच राहील, असं त्यांना वचन दिलं होतं. बिचारे मोकळे झाले. यंत्रं कशी धोक्याची आहेत, कोण दमदाटी करतं, सगळं बोलले. पुढच्याच आठवड्यात मालकांनी मला बोलावून त्यांची वाक्यं ऐकवली. जशीच्या तशी. कोण काय म्हणालं ते नावानिशी. बोलणाऱ्यांना एकेक करून कामावरून काढलं. काढायची पत्रं माझ्याच हातानं गेली, बाई."

"आणि?"

"त्यातल्या एकानं गळफास घेतला. तुटलेले धागे सांधायचं काम करायचा. फार बोलका माणूस होता."

पडवीच्या पत्र्यावरून धुक्याचं पाणी टपटपत होतं.

"नाना काय म्हणाले?"

"एकच विचारलं. ते वर्तुळ कुणी घेतलं होतं? मी म्हटलं, तुमच्या प्राध्यापिकाबाई आणि तुमचा सूत्रधार, दोघांनी मिळून. मालकांना कुणी सांगितलं ते मला ठाऊक नाही. नानांनी डोळे मिटले. म्हणाले, त्या माणसाला स्वतः कबूल करायची एक संधी देऊ. नाही केलं, तर उद्या दुपारच्या वर्तुळात मी बोलेन."

४

प्राध्यापिका आणि मौनीबाई एका वर्गात शिकलेल्या. प्राध्यापिकेनं पुढे या विषयावर जाडजूड पुस्तकं लिहिली, नानांशी भर सभेत वाद घातले, कधी कधी महिनाभर अबोला धरला. मौनीबाई खोलीत शिरल्या तेव्हा खिडकीत तिचे बूट वाळत ठेवलेले होते. ओले गच्च, आणि तळव्यांना चिखल.

"सकाळी कुठे गेली होतीस गं?"

"कुठे नाही."

"बूट तर सांगतायत तळ्याकडे गेली होतीस."

प्राध्यापिकेनं आधी डोळे वटारले, मग हसायचा प्रयत्न केला, मग तोही सोडला. "सिगारेट ओढायला. घरी सगळ्यांना सांगितलंय की सोडली. तळ्याकाठच्या वडाच्या झाडामागे उभी होते. आता उडव माझी थट्टा."

थट्टा उडवायचं त्राण मौनीबाईंत नव्हतं. "गिरणीतलं वर्तुळ तुम्ही दोघांनी घेतलंत. मालकांना कोण बोललं?"

"काय बोललं?" तिच्या चेहऱ्यावरचा गोंधळ खरा वाटला. मौनीबाईंनी थोडक्यात सांगितलं, तशी ती भिंतीला टेकली. "मी मालकांना भेटलेच नाही. पण मी तरी असंच म्हणणार, नाही का? तू विश्वास ठेवू नकोस."

"झाडामागून काय दिसलं?"

"धुक्यात काय दिसणार? हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. आधी नानांच्या काठीची टकटक ऐकली, म्हणून तर मी आणखी मागे सरकले. त्यांनी बघितलं असतं तर वर्षभर टोमणे मारले असते. कुणाशी तरी बोलत होते. दुसरा आवाज हळू होता, बाईचा की पुरुषाचा तेही कळलं नाही. मग सगळं शांत झालं, मी दुसरी पेटवली. थोड्या वेळानं सभागृहातून खुर्च्या ओढल्याचा आवाज यायला लागला. तो बिचारा वर्तुळ मांडत होता." ती थांबली. तिचा हात हळूहळू तोंडाकडे गेला.

"काय झालं?"

"खुर्च्यांचा आवाज चालू असताना तळ्याकडून कुणीतरी ओरडत होतं. लांबून, क्षीण. मला वाटलं पलीकडच्या काठाला कोळी एकमेकांना हाका मारतायत." ती मौनीबाईंकडे बघू लागली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "कोळी नव्हते का गं ते?"

सभागृहाची मागची खिडकी थेट पायऱ्यांवर उघडते, हे मौनीबाईंना आठवलं. झाडापेक्षा ती किती तरी जवळ.

५

सूत्रधार सभागृहात एकटाच भिंतीवरचे मोठे कागद काढून गुंडाळत होता. कालच्या चर्चेचे मुद्दे, त्याच्या गोल नेटक्या अक्षरात.

"बाई, या. बसा." तो लगेच कागद खाली ठेवून पुढे आला. डोळे सुजलेले होते. "सुचत नाही काही. पोरका झालो मी."

"सकाळी तू कधी आलास इथे?"

"उजाडताना. खुर्च्या मांडायला."

"आणि काठी?"

"काठी इथेच होती. नाना काल विसरून गेले वाटतं. मी मधोमध ठेवली."

"नानांना कधी पाहिलंस?"

"कालच, जेवताना. आज सकाळी वाट बघितली मी त्यांची. तुम्हीही होताच की, येतील येतील म्हणून थांबलो आपण." त्यानं चष्मा काढून पुसला. "त्या पोरीला सांभाळा, बाई. ती स्वतःला दोष देत बसलीय. मला सांगत होती, वडिलांनी जीव दिला. मी म्हटलं, मनात असेल ते साहेबांना सांगून मोकळी हो. बोलल्यानं ओझं उतरतं."

हे त्यानं इतक्या मायेनं सांगितलं की मौनीबाईंच्या अंगावर काटा आला. एवढी वर्षं त्यांनी त्याचा आवाज ऐकला होता, आणि आज प्रथमच तो मऊ आवाज कानाला बोचला.

काठी काल इथे राहिली होती हे खोटं. पण लेक आधीच दोषानं अर्धमेली झाली होती. तिच्या आठवणीवर साहेब कितपत भरवसा ठेवतील? शालीवरचा डाग तर धुऊन जाईल. मौनीबाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली पायऱ्या धुक्यात बुडाल्या होत्या. वाट बघितली म्हणतोय. सगळ्यांनीच बघितली. वर्तुळ भरलेलं होतं, सगळे बसले होते, आणि नाना यायचे होते.

भरलेलं होतं. कुठे फट नव्हती.

मौनीबाई शेजारच्या खोलीत गेल्या. कोपऱ्यात, अंधारात, जादा खुर्च्यांमागे ती उभी होती. नानांची हातांची खुर्ची. गुडघ्यामुळे त्यांना हातांवर जोर देऊन उठावं लागे, म्हणून दर मेळाव्यात त्यांच्यासाठी तेवढी एक वेगळी असे. काल ती वर्तुळात होती. आज सकाळी ती या खोलीतून बाहेरच आली नव्हती.

खुर्चीच्या हातावर हात ठेवून मौनीबाई उभ्या राहिल्या. रिकामी खुर्ची दिसली असती तर सगळ्यांच्या नजरेत आली असती. नसलेली खुर्ची कुणाला दिसते?

६

दुपारचं वर्तुळ मौनीबाईंनी मांडलं. कुणाची मदत घेतली नाही. एकेक खुर्ची टेकवताना नाव मनात घेतलं, आणि नानांची टेकवताना त्यांना हुंदका आवरला नाही.

मंडळी आत आली आणि ती खुर्ची बघून दारातच घुटमळली. सूत्रधार सगळ्यांत शेवटी आला. तो खुर्चीकडे बघून न बघितल्यासारखं करत लांब जाऊन बसला. लेकीला मौनीबाईंनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ती दाराशी उभी राहिली.

मौनीबाईंनी मधोमधची काठी उचलली. "साक्षीदारानं शेवटी बोलायचं असतं," त्या म्हणाल्या. "आज मी आधी बोलते. माझं चुकलं, ते आधी सांगते. सकाळी ही काठी माझ्या हातात आली. टोक ओलं होतं, शेवाळ लागलेलं होतं. मी पुसलं आणि पुढे दिली. तुम्ही सगळ्यांनीही दिलीत. काल निजताना ही नानांच्या खोलीत होती, त्यांच्या लेकीनं पाहिलीय. काठीवाचून ते तळ्यापर्यंत गेले नसते. म्हणजे कुणीतरी ती पायऱ्यांवरून उचलून इथे आणली."

मौनीबाईंनी वर्तुळाकडे एकदा बघून घेतलं.

"ती कुणीही आणली असती. म्हणून काठीचं राहू दे. मी फक्त एक विचारते." त्या सूत्रधारासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सकाळी तू म्हणालास, नाना येतीलच. मग ते आल्यावर बसणार कुठे होते?"

बाकीचे एकमेकांकडे बघू लागले. आपण सकाळी कुठे बसलो होतो, आपल्या शेजारी कोण होतं, हे प्रत्येकजण आठवत होता, आणि एकेकाचा चेहरा पांढरा पडत गेला.

"अरे, एवढी वर्षं तू खुर्च्या मांडतोयस. कधी चुकला नाहीस. नानांची तर वेगळी खुर्ची. ती विसरणं शक्य नाही. येणार नसलेल्या माणसाची खुर्ची मांडायची नाही, हे त्यांनीच शिकवलं तुला. तू शिकवल्याप्रमाणे केलंस. पण ते येणार नाहीत हे त्या वेळी तुला कसं ठाऊक?"

त्यांनी काठी त्याच्यापुढे धरली. त्यानं ती घेतली. सवयीनं घेतली. काठी हातात आली की बोलायचं, हे त्याच्या हाडीमांसी खिळलेलं होतं.

"मी आणली होती ती खुर्ची," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की पुढे वाकून ऐकावं लागलं. "दारापर्यंत आणली. त्यांचं नाव मनात आलं आणि पाय उचलेनात. परत नेऊन ठेवली."

"पायऱ्यांवर काय झालं?"

"त्यांनीच बोलावलं होतं. मालकांना कोण बोललं, एवढंच विचारलं, आणि मला खोटं बोलता आलं नाही. म्हणाले, दुपारी वर्तुळात स्वतः सांग, नाहीतर मी सांगेन. मी पाया पडलो. मालकांनी चहाला बोलावलं होतं, गोड बोलून विचारलं, मी बोलून गेलो. पुढे असं होईल असं वाटलं नव्हतं. ते म्हणाले, हे त्या मेलेल्या माणसाच्या बायकोला जाऊन सांग. मी निघालो, त्यांनी काठी आडवी घातली. मी ती बाजूला ओढली. ढकललं नाही, बाई, खरंच नाही. काठी माझ्या हातात राहिली आणि ते खाली गेले."

"आणि तू वर आलास."

"काठी हातात आहे हे वर आल्यावर कळलं. कुठे ठेवू सुचेना, म्हणून मधोमध ठेवली. रोज तिथेच असते." तो काठीकडे बघत राहिला. "मग खुर्च्या मांडायला घेतल्या. वेळ झाली होती."

प्राध्यापिका रडत होती. गिरणीवाले जमिनीकडे बघत होते. लेक दारातून पुढे आली, वर्तुळ ओलांडून सरळ सूत्रधारासमोर आली. मौनीबाईंनी नानांची खुर्ची पुढे सरकवली आणि ती त्यात बसली.

"माझ्याविषयी काही म्हणाले?" तिनं विचारलं. "खरं सांगा. मी त्यांना फार वाईट बोलले होते."

सूत्रधारानं प्रथमच मान वर केली. "म्हणाले, हे माझं शेवटचं वर्तुळ. काल पोरीनं सुनावलं ते सगळं खरं आहे. आता घरी जाऊन तिच्यासमोर बसायचंय, ती म्हणेल तितके दिवस. तिचं ऐकायचं राहिलंय."

लेकीनं खुर्चीचे हात घट्ट धरले. तिचे खांदे हलत राहिले. मौनीबाई तिच्या मागे उभ्या राहिल्या. आपण हिला वाचवलं की आणखी खोल लोटलं, हे त्यांना कळेना.

"पडल्यावर ते हाका मारत होते," लेक थोड्या वेळानं म्हणाली. "मावशी म्हणाली मला. कुणाला?"

"आधी मला," सूत्रधार म्हणाला. "मग तुम्हाला."

"माझी खोली पलीकडच्या बाजूला आहे. मला ऐकू आलं नाही." ती शांतपणे बोलत होती, एखाद्या मुलाला समजावल्यासारखी. "तुम्हाला येत होतं?"

"हो."

"किती वेळ?"

बाहेर खडीवर पोलिसांची गाडी येऊन थांबली. दारं उघडल्याचा, बूट वाजल्याचा आवाज आला. कुणी मागे वळून पाहिलं नाही. ज्याच्या हातात काठी, त्याचं बोलणं संपेपर्यंत उठायचं नसतं.

"शेवटची खुर्ची मांडून होईपर्यंत," सूत्रधार म्हणाला.

लेकीनं हात पुढे केला आणि त्यानं काठी तिला दिली. साहेब दारात उभे होते. कुणाचा जबाब आधी घ्यायचा, असं विचारत होते. ती वडिलांसारखी खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठली.

"माझा घ्या," ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी जीव दिलेला नाही."